उन्हाची खोली

"घर कधी दुपारचं बघू नये गं, दिवेलागणीला बघावं," असं अक्का म्हणाली होती, आणि मीनाक्षीने ते हसून सोडून दिलं होतं.

अक्का म्हणजे मीनाक्षीची थोरली नणंद, गडहिंग्लजला दिलेली. माधूच्या बारशाला आली, तेव्हा घुगऱ्यांचे हरभरे निवडता निवडता ती हे बोलली. "दुपारी घर कसं, दाखवायला बसवलेल्या मुलीसारखं मान खाली घालून गप्प असतं. दिवे लागायच्या वेळेला उंबऱ्यातून आत कोण येतं ते बघावं. मग कळतं, घर कुणाचं आहे ते."

आता मीनाक्षी पडली बी.ए. झालेली, त्यातही तर्कशास्त्र घेऊन. तिने मनातल्या मनात लगेच मांडणी केली. भिंतीची चीर उन्हात दिसते. दिवेलागणीला ऊन नसतं. सबब दिवेलागणीला चीर दिसत नाही. अक्काचं म्हणणं असं तीन वाक्यांत निकालात निघालं, आणि मीनाक्षी पुन्हा माधूच्या छातीला कान लावून बसली.

कारण खरी गोष्ट ती होती. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या उत्तरेच्या अंगाच्या. मागची भिंत शेजाऱ्याच्या मोरीला टेकलेली. त्या भिंतीला बारा महिने ओल, आणि माधूच्या छातीत जन्मल्यापासून शिट्टी. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि तिसऱ्यांदा चष्मा काढून ठेवत म्हणाले, "बाई, ह्याला बाटली नको, ऊन पाहिजे. कोरडी, उन्हाची खोली बघा. नाहीतर पुढच्या थंडीत जड जाईल."

पुढच्या थंडीत जड जाईल, हे शब्द मीनाक्षीच्या कानात जाऊन बसले ते उठेनात. नृसिंहाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, "अहो, आपण घर घ्यायचं."

नृसिंह हायस्कुलात गणित शिकवत असे. कितीही अवघड उदाहरण असो, फळ्यावर एका बाजूला मांडायला सुरुवात करायची की दुसऱ्या बाजूला उत्तर येतंच, अशी त्याची श्रद्धा होती. वडिलांनी मुरगूडकडचा जमिनीचा तुकडा विकून ठेवलेले पैसे होते, ते कशाला ठेवलेत हे त्याला आजवर उमगलं नव्हतं. "घेऊ की," तो म्हणाला. "तू बघ. तू बघितलंस म्हणजे बघितलंस."

मग गणपतराव आले.

गणपतराव घरांची दलाली करत. संस्थान विलीन झाल्यापासून कोल्हापुरात कोणी घर विकून पुण्याला निघालं होतं, कोणी नोकरीसाठी घर शोधत आलं होतं, त्यामुळे त्यांचा धंदा जोरात होता. गुलाबी फेटा, काळा कोट, आणि बगलेत छत्री. ही छत्री उघडलेली कुणी पाहिली नव्हती. ती भिंतीवर ठोकून भिंत कशी भक्कम आहे हे दाखवायला होती. माणूस वाईट नव्हता. उलट, कुणाला नाराज करणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून विकणाऱ्याला जे ऐकायचं असेल ते विकणाऱ्याला सांगायचं, घेणाऱ्याला जे ऐकायचं असेल ते घेणाऱ्याला, आणि दोघांची गाठ जमेल तितकी उशिरा घालायची, अशी त्यांची रीत होती.

"वैनी, तुमी निस्तं बोला," ते म्हणाले. "कसं घर पायजे?"

"कोरडं. उन्हाचं."

"आवं, ऊन म्हंजे काय! असं घर दावतो, की दुपारी डोस्क्याला पदर घ्याय लागंल."

पहिलं घर होतं त्यात ऊन होतं, कारण छपराचा एक कोपरा नव्हता. दुसऱ्या घराला ऐसपैस जिना होता, फक्त जिना जिथे जातो तो मजला बांधायचा राहिला होता. "बांधलासा की झालं," गणपतराव म्हणाले, "जिन्याचा खर्च तरी वाचला का न्हाय?" तिसऱ्या घराच्या दोन्ही बाजूंना तांबट होते. हातोड्यांच्या दणक्यात गणपतराव काहीतरी सांगत होते, नृसिंह मान हलवत होता आणि माधू बोंब ठोकत होता. बाहेर आल्यावर नृसिंह म्हणाला, "घर शांत वाटलं," तेव्हा मीनाक्षीने त्याच्याकडे बघितलं आणि तो पुढच्या घरांना यायचा बंद झाला.

मीनाक्षीची घर बघायची तऱ्हा गणपतरावांनी आजवर पाहिली नव्हती. ती पिशवीत पाण्याची बाटली घेऊन यायची. खोलीच्या मधोमध थोडं पाणी ओतायची आणि ते कुठे जातं हे उकिडवं बसून बघायची. खिडकीच्या गजांमधून माधूचं डोकं जाईल का, हे आपली मूठ घालून बघायची. आणि सगळ्यात शेवटी भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभी राहायची. ओल हाताला लागत नाही, पण गालाला लागते, हे मंगळवार पेठेतल्या भिंतीने तिला शिकवलं होतं.

"वैनी, काय म्हंती भित्त?" गणपतराव दबक्या आवाजात विचारायचे.

"थांबा हो."

"थांबतो की. बोलूंदे तिला निवांत."

तानाबाईचं घर त्यांनी दाखवलं ते भर दुपारी, दीड-दोनच्या सुमाराला. गंगावेशीच्या पुढे, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. बैठं, कौलारू, पुढे दगडी पायऱ्या. मालकीणबाई घरात नव्हत्या. "अंबाबाईच्या देवळात गेल्यात," गणपतराव म्हणाले. "एकटी बाई. गुडघं धरल्यात. कोडोलीला पुतण्या हाय, त्येच्याकडं निगाल्यात."

पुढची ओसरी, म्हणजे सोपा, बरा होता. स्वयंपाकघर काळवंडलेलं होतं, पण ते चुन्याने निभलं असतं. आणि मग सोप्याच्या उजव्या हाताला गणपतरावांनी एक रुंद दार ढकललं, आणि मीनाक्षी उंबऱ्यातच थांबली.

खोली उन्हाने भरलेली होती. पूर्वेला एक रुंद, बुटकी खिडकी, दक्षिणेला वर एक झरोका. पूर्वेचं ऊन केव्हाच सरलं होतं तरी झरोक्यातून ऊन खाली उतरून फरशीवर पसरलं होतं. भिंतींना नुकताच चुना दिलेला. धूप घातल्याचा मंद वास. मीनाक्षीने भिंतीला गाल लावला. भिंत कोरडी तर होतीच, पण ऊबदार होती. तव्यावरून उतरवून जरा वेळ झालेल्या भाकरीसारखी.

"ही कसली खोली?" तिने भिंतीवरचा गाल न काढताच विचारलं.

"सामानाची म्हना," गणपतराव छताकडे बघत म्हणाले. "वायली हाय जरा, घरापास्नं."

मग मीनाक्षीने ती खोली बारकाईने तपासली, आणि इथे तिच्या हुशारीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. तिने बाटलीतलं पाणी ओतलं. दगडी फरशीवरून ते सरळ वाहत जाऊन कडेच्या पन्हळीत पडलं आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलं. म्हणजे माधूला इथेच न्हाऊ घालता येईल! भिंतीत खाली एक भक्कम लोखंडी कडं होतं. पाळण्याची दोरी बांधायला! गुडघ्याएवढ्या उंचीवर, खिडकीखाली, फळ्या टाकलेला एक लांब ओटा होता. दुपटी घडी करून ठेवायला! दार एवढं रुंद, की पलंग आडवा आत आला असता. आणि दाराची चौकट, कमरेएवढ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालेली. मीनाक्षीने तिच्यावरून हात फिरवला. या चौकटीला धरून किती पोरं उभी राहायला शिकली असतील, असं तिच्या मनात आलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

गणपतरावांनी फेटा काढून घाम पुसला. "धूप रोज घालतात वाटतं?" तिने विचारलं.

"दोन्ही येळंला," ते म्हणाले. आणि हे अगदी खरं होतं.

विसार दिला त्या दिवशी तानाबाई पहिल्यांदा भेटली. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा, की बोलली तर पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहावं. तिने विसार कनवटीला लावला, मांडीवरच्या माधूला नीट न्याहाळलं आणि मीनाक्षीचा हात धरला. "मानसं चांगली दिसत्यासा," ती म्हणाली. "मी जातो, पर माझा जीव हितंच ऱ्हानार बगा. नीट संबाळा."

"सांभाळू की," मीनाक्षी म्हणाली. घरावर एवढी माया बघून तिलाही भरून आलं. तानाबाई अजून काही बोलणार होती, पण गणपतरावांनी "चला, चला, म्होरनं टांगा उबा हाय" म्हणत तिला उठवलंच.

खरेदीखत व्हायला थोडे दिवस होते. या दिवसांत मीनाक्षीला झोप कशी ती आली नाही. त्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी बसवायची होती आणि खिडकीचं माप घेतलेलं नव्हतं. एका संध्याकाळी नृसिंह शिकवणीला गेला, तशी तिने माधूला खांद्यावर टाकलं, सुतळीचा तुकडा घेतला आणि ती निघाली. तानाबाईच्या गल्लीत शिरली तेव्हा घराघरांतून कंदील लावायची वेळ झाली होती.

आणि समोरून म्हशी आल्या.

नदीत दिवसभर डुंबून आलेल्या, निथळणाऱ्या, काळ्याभोर म्हशी गल्ली भरून संथपणे येत होत्या. मीनाक्षी माधूला छातीशी घट्ट धरून एका ओट्यावर चढली. हाकणारा मागे कुठेतरी बिडी ओढत होता. त्याची गरजच नव्हती. एकेक म्हैस आपापल्या दाराशी आली की कळपातून बाजूला होत होती आणि मुकाट्याने आत जात होती, कचेरीतून घरी आलेल्या कारकुनांसारखी. मीनाक्षीला त्याची गंमत वाटली. ती ते माधूला दाखवायलाही लागली. "ती बघ, ती तिच्या घरी गेली. आता ही बघ, ही कपाळावर पांढरा टिळा असलेली कुठे जाते..."

टिळेवाली तानाबाईच्या पायऱ्या चढली. दारात आल्यावर तिने सवयीने डोकं तिरकं केलं, आधी एक शिंग आत घातलं, मग दुसरं, आणि आत गेली.

मीनाक्षी धावली. सोप्यात पोचली तेव्हा म्हैस उजवीकडे वळत होती. रुंद दारातून जाताना तिची दोन्ही अंगं चौकटीला घासली, त्या गुळगुळीत झालेल्या जागीच. ओट्यावरच्या फळ्या निघालेल्या होत्या आणि खाली चांगली दगडी गव्हाण होती, वैरणीने भरलेली. तानाबाईने म्हशीचं दावं कड्यात अडकवलं. म्हशीने बुटक्या खिडकीत हनुवटी टेकली आणि ती बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडाकडे बघत रवंथ करायला लागली. थोड्या वेळाने फरशीवरून एक धार निघाली आणि पन्हळीतून अगदी व्यवस्थित बाहेर गेली.

"या की!" तानाबाई मागे वळून ओरडली. "चांदनीची वळख करून घ्याय आलासा व्हय?"

मीनाक्षीने म्हशीकडे बोट केलं. "ही... ही म्हैस इथे?"

"मग कुटं? तिची खोली हाय की ती. मालक गेल्यावर मला ह्या चांदनीनं आनि तिच्या आयनं जगिवलं. ह्या गल्लीतल्या तालमीतली पोरं माज्या दारात दूध पिऊन पैलवान झाली. मग मी काय तिला अंधारात बांदू? खिडकी मी पाडून घेतली, झरोका मी पाडून घेतला. थंडीत म्हैस आकडती, तिला ऊन लागतंय."

"पण ही खोली मी माधूसाठी घेतली आहे!"

"माधू कोन?"

मीनाक्षीने खांद्यावरचा माधू पुढे केला. माधूने चांदणीकडे बघितलं आणि तो आनंदाने किंचाळला. चांदणीने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आनि चांदनी?" तानाबाई म्हणाली. "तिला कुटं बांदनार?"

"मी? मी म्हैस कशाला बांधेन?"

तानाबाई सावकाश ताठ झाली. "तुमाला म्हैस पायजे हुती न्हवं? पोराला दारातलं दूध पायजे, म्हशीबिगर घर घेतच न्हाय म्हनून अडून बसलाय, असं गनपत म्हनला मला. पुतन्याच्या दारात म्हशीला जागा न्हाय, म्हनून तर गुळाच्या व्यापाऱ्याला सोडून तुमाला घर दिलं. त्यो जास्तीचं देत हुता. पर त्यो म्हैस कसाबाला घातल्याबिगर ऱ्हायला नसता."

"मला तर ते म्हणाले, ही सामानाची खोली."

मग तानाबाई दारात गेली, कमरेवर हात ठेवले आणि तिने गल्लीत तोंड करून एकच आरोळी दिली, "आरं, त्या गनपत्याला कुनीतरी हिकडं धाडा रं!"

त्या गल्लीत एवढं पुरेसं होतं. मीनाक्षीला मात्र एकच दिसत होतं. ही खोली गेली, तर पुन्हा ती मोरीची भिंत, आणि थंडी तर दाराशी आलेली. ती नकळत त्या खोलीच्या भिंतीपाशी गेली आणि तिने गाल टेकला. दिवे लागले होते तरी भिंतीत दिवसाची ऊब शिल्लक होती.

"काय करतीयास गं?" तानाबाईने विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं ते कुणालाच कळलं नाही.

मीनाक्षीने सांगितलं. मोरीची भिंत, शिट्टी, डॉक्टर, सगळं एका दमात, आणि शेवटी तिला हुंदकाच आला. तानाबाईने माधूला घेतलं, त्याची बंडी वर केली आणि त्याच्या छातीला कान लावला. चांदणीचा रवंथ तेवढा ऐकू येत होता.

"पाव्यागत वाजतंय की लेकरू," ती म्हणाली. मग तिने खिडकीत टेकलेली चांदणीची मान थोपटली. "खोली पोराची. पर चांदनीचं ठिकान माज्या डोळ्यांनी बगितल्याबिगर मी अंगठा देनार न्हाय. आदीच सांगून ठेवतो."

तेवढ्यात गणपतराव आले. दारात तालमीची दोन पोरं लोटे घेऊन दुधाला उभी होती, ती बाजूला सरली. दोघी बायकांना एकत्र उभ्या बघून गणपतरावांनी छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली.

"वैनी, तुमी हितं? आनि ह्या येळंला?"

"ह्या वेळेला," मीनाक्षी म्हणाली.

"तुमी दोघींला काय काय सांगितलंय ते आमी आत्ता पडताळून बगितलं," तानाबाई म्हणाली. "काय म्हनायचं हाय?"

"मावशी, मी खोटं कुटं बोललो? तुमाला म्हशीला जागा पायजे हुती, वैनींना पोराला जागा पायजे हुती. जागा तर एकच हाय. मी काय करनार? म्हटलं, खरेदी झाली की दोघी शान्या बायका हायत, काडतील काय तरी मार्ग."

"काडलाय," तानाबाई म्हणाली. "तुमचा सोपा बगितलाय मी, गनपतराव. पूर्वेचा हाय. चला."

"कुटं?"

"तुमच्या घरी. चांदनीला जागा दावा."

"मावशी, माज्या सोप्यात माझी बैठक हाय! गिऱ्हाइकं येत्यात!"

"मग खरेदी ऱ्हायली. ह्येंच्याकडची बी दलाली गेली तुमची, माज्याकडची बी गेली. आनि उद्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर बाया धुनी धुवाय आल्या, की मी हाय आनि माजं तोंड हाय."

तानाबाईचं तोंड म्हणजे काय, हे गणपतरावांना ठाऊक होतं. त्यांनी छत्री सावरली आणि ते पायऱ्या उतरले.

मग ती वरात निघाली. पुढे गणपतराव, एखाद्या वधूपित्यासारखे मान खाली घालून. मागे दावं धरून तानाबाई. तिच्यामागे चांदणी, एवढ्यात पुन्हा बाहेर काढल्याबद्दल नाराज. मग माधूला घेऊन मीनाक्षी. आणि शेवटी लोटे घेतलेले दोन पैलवान, कारण दूध जिथे जाईल तिथे जाणं त्यांना भाग होतं.

गणपतरावांचं घर चार घरं सोडून पलीकडच्या वळणावर होतं. दारात त्यांच्या पत्नी बयाबाई उभ्या होत्या. नवऱ्यामागे म्हैस बघून त्यांनी दोन्ही हात गालावर ठेवले.

"म्हैस आनलीसा? खरंच?"

"बया, तसं न्हाय, जरा ऐक..."

"चौदा वर्सं झाली मागतोय मी म्हैस! जवा बगावं तवा, जागा कुटं हाय, जागा कुटं हाय! अख्ख्या गावाला जागा दावत फिरतोय ह्यो मानूस, आनि एका म्हशीला जागा गावंना!"

गणपतरावांनी पायरीवरच बसकण मारली.

आत मात्र मीनाक्षी कामाला लागली होती. माधूला एका पैलवानाकडे दिलं. त्याने आयुष्यात एवढ्या जपून काही धरलं नसेल. सोप्यात गादी होती, तक्के होते, मधोमध एक मोठं टेबल. मीनाक्षीने आधी बयाबाईंकडून तांब्या मागून घेतला आणि फरशीवर पाणी ओतलं. पाणी गादीखाली गेलं.

"उतार उलटा आहे," ती म्हणाली. "इकडून पन्हळ काढावी लागेल."

"काडू की," बयाबाई म्हणाल्या.

"हे टेबल हलवा. वळताना शिंगं लागतील. खिडकी पूर्वेची आहे खरी, पण उंच आहे. तिला बाहेर बघायची सवय आहे." मग ती भिंतीपाशी गेली, डोळे मिटले, गाल टेकला. सगळे श्वास रोखून उभे राहिले. पायरीवरून गणपतरावांचा क्षीण आवाज आला, "काय म्हंती भित्त?"

"कोरडी आहे," मीनाक्षीने निकाल दिला. "पण खिडकी खाली घ्यायला हवी."

"घ्या," गणपतराव म्हणाले. "छप्पर बी काडा."

तानाबाई हसली. तिचं हसणंही गल्लीभर ऐकू गेलं.

आठवड्याभरात गणपतरावांची बैठक मागच्या परड्यातल्या पडवीत गेली, खिडकी हातभर खाली आली आणि चांदणी तिथे रमली. पहिले दोन दिवस संध्याकाळी ती जुन्या दाराशी जाऊन उभी राहिली. बयाबाई भाकरीचा तुकडा दाखवत तिला घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन वळली. मग तानाबाई रजिस्ट्रार कचेरीत आली आणि तिने अंगठा दिला. तिथे नृसिंहाने मीनाक्षीला हळूच विचारलं, "खोली चांगली निघाली का गं?" त्याला म्हशीची हकिकत कुणी सांगितली नव्हती. पुढे सांगितली तेव्हा तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे दोन अज्ञातं होती आणि समीकरण एकच. दलालाची तरी काय चूक?"

माधू आता त्या खोलीत झोपतो. पाळण्याची दोरी कड्याला नाही, वर आढ्याला बांधली आहे. गव्हाणीत त्याची दुपटी असतात, आणि अक्का आली की मुद्दाम तिथेच बघून हसते. सकाळी ऊन थेट त्याच्या पायावर येतं. शिट्टी अगदी गेली असं नाही, पण थंडी निभावली. परवा डॉक्टरांनी नळी लावून बघितलं आणि नवं औषध न लिहिता नळी गळ्यात अडकवली. मीनाक्षी अजून रात्री उठून कान लावते, हे सोडा.

पण तिला आता दुसरंच एक खायला उठलंय. तानाबाई निघाली त्या दिवशी कोडोलीहून पुतण्या बैलगाडी घेऊन आला होता. पेटी चढली, वळकटी चढली, उखळ चढलं. मीनाक्षीने चहा दिला, ओटी भरली. गाडी हलता हलता तिने विचारलं, "मावशी, तिकडे तुमची खोली कशी आहे?" तानाबाई दुसरीकडे बघत म्हणाली, "हाय की. मागल्या अंगाला." पुतण्याने बैलांना हाक दिली.

माधूसाठी मीनाक्षीने भिंती तपासल्या. म्हशीसाठी तपासल्या. चांदणीला बाहेर दिसतं का, हेसुद्धा बघितलं. तानाबाई कुठे निजणार, हे मात्र कुणीच जाऊन बघितलं नाही. तिने नाही, गणपतरावांनी नाही. आता कडेवर माधू, आणि मोटारीतल्या धुळीने त्याची छाती पुन्हा वाजेल या भीतीने तिचं पाऊल निघत नाही. म्हणून तिनेच हे सांगायला लावलंय. तुमच्यापैकी कुणाचं कोडोलीला जाणं झालं, तर तानाबाईचं घर विचारा. तिचा आवाज ऐकून कुणीही दाखवील. कशी आहेस, असं मात्र विचारू नका, कारण ती बरी हाय म्हणेल. पाणी प्यायच्या निमित्ताने सरळ मागल्या अंगाला जा, तिचं अंथरूण कुठे टाकलंय ते बघा, आणि इकडे येऊन मीनाक्षीला खरं काय ते सांगा.